दुरुस्ती चालू, हात लावू नये

भोसरीच्या त्या कंपनीत मला टेंपररी घेतलं ते लेथ चालवता येतं म्हणून नाही, कबड्डी येते म्हणून. त्यात लाज कसली? त्या काळात सर्रास अशी भरती व्हायची. कंपन्या-कंपन्यांच्या स्पर्धा म्हणजे साहेब लोकांच्या इज्जतीचा प्रश्न, आणि मी चढाईला गेलो की एखादा गडी बाद करूनच परतायचो.

सेमीफायनलला माझा गुडघा मुरगळला. जिंकलो, पण गुडघा नारळाएवढा सुजला. मोठ्या साहेबांनी बोलावून स्वच्छ सांगितलं, "फायनल दिवाळीनंतर. तू खेळलास आणि कप आला, तर पर्मनंट. नाहीतर ब्रेक." ब्रेक म्हणजे घरी बसा. नुकतं लग्न झालेलं, पत्र्याची भाड्याची खोली, आणि 'नोकरी गेली' म्हणून गावात कोणत्या तोंडानं जायचं?

आमचं खातं मशीनवाल्यांचं. आमचा कॅप्टन फिटर होता. तो म्हणाला, "भावा, मशीन चालतं म्हणून झिजतं. चालवलंच नाही तर बिघडेल कशाला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

सूज लवकरच उतरली, पण माझी बडदास्त काही उतरेना. मला स्टुलावर बसवलं. चहा हातात. जेवायच्या सुट्टीत माल वाहायच्या ट्रॉलीवर बसवून कॅन्टीनला नेत, आणि एक जण पुढं "बाजू, बाजू!" ओरडत पळे. बंद मशीनवर लावायचा तांबडा बोर्ड, 'दुरुस्ती चालू, हात लावू नये', तो एकानं माझ्या गळ्यात अडकवला. साहेब राउंडला आले. मला वाटलं, आता संपलं! साहेबांनी बोर्ड वाचला, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "छान. असंच पाहिजे." मग काय, मी बोर्डासकट वावरू लागलो.

सरावाला बाकीचे बैठका मारून घामाघूम, आणि मी खुर्चीत दूध पीत बसलेलो. कॅप्टन म्हणे, "तू नुसतं बघ. बघूनसुद्धा सराव होतो."

एका संध्याकाळी तो खोलीवर आला आणि बायकोला बजावून गेला, "वहिनी, फायनलपर्यंत ह्याला काही उचलू देऊ नका." झालं! गल्लीच्या टोकाचा नळ, मधे चढ. भरलेले हंडे ती आणी, रॉकेलचा डबा ती आणी, ज्वारीचं पोतं डोक्यावर घेऊन गिरणीत तीच जाई. मी खाटेवर गुडघ्याला तेल चोळत बसे. एकदा ती हंडा उतरवत म्हणाली, "जातं फिरवलं न्हाई तर त्येबी जड व्हतंय. तुमचं काय व्हईल?"

"तुला कबड्डीतलं काय कळतंय?"

"न्हाई कळत. पाय वर घ्या, झाडायचंय."

फायनल पिंपरीच्या मैदानावर. चड्डी पोटाला काचत होती, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. पण बायामाणसांच्या घोळक्यात बायको उभी दिसली आणि मला जोर आला. मैदानात पाय टाकण्याआधी वाकून रेघेला हात लावायचा आणि तो कपाळाला टेकवायचा, ही आमची रीत. इतक्या दिवसांत मी कशालाच वाकलो नव्हतो. वाकलो, आणि कमरेत असं काही कट् वाजलं की पंचानं वळून पाहिलं.

तसाच राहिलो. हात रेघेवर, पाठ आभाळाकडं. लोकांना वाटलं, काय ही भक्ती! टाळ्या पडल्या. समोरचा संघ आपण कमी पडू नये म्हणून पुन्हा वाकला. पंचानं शिट्टी मारली. ते उठले, मी नाही.

"ऊठ की राव!" कॅप्टन दात-ओठ खात म्हणाला.

"उठता येईना!"

आमचे सहाही गडी भोवती जमले, पण एकही हात पुढं येईना. हात लावायचा नाही, हे इतकं अंगवळणी पडलं होतं! तेवढ्यात पदर खोचत ती आली. "सरका वाईच," म्हणाली, आणि भर मैदानात मला हंड्यासारखं उचलून घेऊन गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

एक गडी कमी, आम्ही हरलो. साहेब मात्र तिच्याकडंच बघत होते. "ही कोण?" त्यांना बायकांचा संघ उभा करायचा होता.

मला ब्रेक मिळाला. तिला पॅकिंग खात्यात टेंपररी घेतलं. साडीचा काष्टा मारून ती पकडीला उभी राहायची, आणि तिनं घोटा धरला की सुटका नाही. तिच्या पर्मनंटची ऑर्डर आली त्या दिवशी मी ढसाढसा रडलो. थोडा जळफळाटही होता, पण खरं म्हणजे गावी परतायचं भय गेलं होतं. मी मग एका लहान वर्कशॉपात लागलो, आणि पाणी मी भरू लागलो.

आता ती रिटायर. पॅकिंगला उभं राहून राहून तिचे दोन्ही गुडघे गेलेत. माझ्या एका गुडघ्यासाठी सगळी कंपनी पळत होती. तिच्या गुडघ्यांबद्दल तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता. डॉक्टर म्हणतात, बसून राहू देऊ नका. म्हणून रोज सकाळी मी तिचे हात धरतो आणि खुर्चीतून ऊठ-बस करायला लावतो.

"बसू द्या की," ती वैतागते. "त्यो तांबडा बोर्ड आता माझ्या गळ्यात घाला."

"मुळीच नाही. ऊठ."

ती उठते. मला शिव्या घालत, माझे हात घट्ट धरून.