तीन वार बोलल्याशिवाय आउट नाही

“आउट! आउट! आउट!”

आमचा अंपायर दामूशेठ बोंबलला तेव्हा बॉल हवेतच होता. तो फर्स्ट बेसवरच्या फील्डरच्या डोक्यावरून गेला, कंपाउंडबाहेर पडला आणि माझ्या अंदाजाने थेट खाडीत पोचला. रनर बेसवर कमरेवर हात ठेवून उभा. दामूशेठचा हात मात्र वरच.

दोन्ही टीम त्याच्या अंगावर धावल्या. मी मध्ये पडलो. माझ्या शर्टाची एक बाही आजतागायत सापडलेली नाही.

हेडसरांनी मला बोलावलं. “पुढच्या रविवारी फायनल घ्या. पण परत असा तमाशा झाला तर ग्राउंडला कुलूप. तुमचा सॉफ्टबॉल बंद.”

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी भिवंडीच्या त्या शाळेत पीटी शिक्षक, आणि हौशी टीमना अंपायर पुरवण्याचं कामही माझ्याच गळ्यात. दुसरं ग्राउंड नव्हतं; उरलेल्या गावात कापड विणणारे लूम होते. दुसरा अंपायरही नव्हता. दामूशेठ खारबावचा, पहाटे मासळीचा लिलाव बोलणारा. तो बोली पुकारायला लागला की पापलेटं डोळे मिटून घेत.

सॉफ्टबॉलमध्ये फर्स्ट बेसचा निकाल सोपा वाटतो. आधी रनरचा पाय पोचला तर सेफ. आधी बॉल बेसवरच्या फील्डरच्या ग्लोव्हमध्ये आला आणि टिकला तर आउट. पुस्तक सांगतं, डोळा पायावर, कान ग्लोव्हच्या आवाजावर. पुस्तक लिहिणारा भिवंडीत आला नसावा. आमच्या भिंतीपलीकडे लूम खडखडत. ग्लोव्हमध्ये बॉम्ब पडला असता तरी ऐकू आला नसता. म्हणून दामूशेठ अंदाजाने, तोही धावता धावता, निकाल देई. धावणाऱ्याचे डोळे हलतात. हलत्या डोळ्याला सगळेच आउट दिसतात.

दुसऱ्याच संध्याकाळी मी त्याच्या अंगणात चुन्याचं वर्तुळ काढलं. “शेठ, बॉल सुटला की यात थांबायचं. आधी पाय बघा. मग ग्लोव्ह बघा. मग बोला.”

“तवर लोक झोपतील, सर!”

त्याने अंगणातली कोंबडी आउट दिली, शेजाऱ्याची म्हैस आउट दिली, मला तर चहा पिताना आउट दिलं. तेव्हा मला सुचलं. “शेठ, लिलावात पहिल्या बोलीला माल सोडता?”

“येडा हाय का मी? एक वार, दोन वार, तीन वार बोलल्याबिगर टोपली हलत न्हाय!”

“मग इथं एका वारात कसा सोडता?”

दामूशेठ वर्तुळात जाऊन उभा राहिला. शेजाऱ्याची म्हैस परत आली, तेव्हा तिचे चारी पाय बघून झाल्यावरच त्याने तोंड उघडलं.

फायनल राहनाळच्या गोदामवाल्यांची आणि लूमवाल्यांची. शेवटची इनिंग, स्कोअर बरोबरीत, लूमवाल्यांची बॅटिंग, दोन आउट, एक रनर थर्ड बेसवर. त्यांच्या अन्सारीने बॉल जमिनीलगत मारला आणि फर्स्ट बेसकडे सुटला. तो आउट, तर रन रद्द. तो सेफ, तर थर्डवाल्याचा रन धरून मॅच त्यांची.

फर्स्ट बेसवर गोदामवाल्यांचा कॅप्टन कांबळे. पोत्यांच्या थप्प्या अंगावर झेलणारा गडी. बॉल त्याच्या ग्लोव्हमध्ये आला. अन्सारीचा पाय अजून बेसपासून वीतभर लांब. अर्धी भिवंडी ओरडली, “आउट!”

दामूशेठ खांबासारखा उभा. पाय बघितला. ग्लोव्हकडे मान वर केली. आणि मोठ्याने म्हणाला, “एक वार… दोन वार…”

बॉल कांबळेच्या ग्लोव्हमधून घसरून मातीत पडला.

“सेफ!” दामूशेठचे दोन्ही हात असे फाकले की मागच्या रांगेतल्या दोन टोप्या उडाल्या.

गोदामवाले धावले. दामूशेठ जागचा हलला नाही. “बॉल कुठं हाय? कांबळे, तूच दाव!”

कांबळेने खाली बघितलं. सगळ्यांनी खाली बघितलं. बॉल त्याच्या बुटापाशी होता. धावलेले परत फिरले.

“वाह, दामूशेठ! क्या फैसला दिया!” अन्सारीने त्याला उचलायला घेतलं, वजन लक्षात आल्यावर नुसतीच मिठी मारली. हेडसरांनी कुलूप खिशात ठेवलं आणि आपण ते आणलंच नव्हतं असा चेहरा केला. त्यानंतर मी अंपायर पुष्कळ घडवले. प्रत्येकाला आधी गप्प राहायला शिकवलं. ओरडणं त्यांना येतच होतं.

कांबळे पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होता. मी विचारलं, “काय रे, निकाल पटला का?”

“न्हाय,” तो म्हणाला. “पण बघून दिला.”