लुक्का की पिसा

रेवाचा फोन मंगळवारी सकाळी आला. मी पेंडल हिलच्या घरी पोळ्या लाटत होते. तिच्या घरून रविवार सोडून कधी फोन येत नसे, म्हणून पिठाच्या हातानेच उचलला. "ताई, शेखर गेला," एवढंच म्हणाली. शेखर माझा धाकटा भाऊ, रेवाचा नवरा, पन्नाशीही गाठली नव्हती त्याने. चहा पिता पिता छातीत दुखलं आणि ॲम्ब्युलन्स यायच्या आत सगळं आटोपलं. तो मेलबर्नला ट्रुगानिनात, मी सिडनीत, आणि साथीमुळे मधली राज्यांची सीमा बंद. त्याचं शेवटचं मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून पाहिलं. मोजून दहा माणसांना परवानगी होती... त्यात मी नव्हते. याचा मला अजून राग आहे आणि तो मी सोडणार नाही.

शेखर इथे शिकायला आला, युनिव्हर्सिटी संपल्यावर पडेल ते काम केलं आणि शेवटी एका बस डेपोत ड्रायव्हर लोकांचे रोस्टर, म्हणजे कुणाची पाळी कधी ते, लावायला लागला. मी आधीच इथे होते. आईला शेवटी कुणी ठेवून घ्यायचं यावरून आमचं बिनसलं, आणि ती गेल्यावर तर सहा वर्षं आम्ही फक्त दिवाळीच्या मेसेजपुरती भावंडं उरलो. मग एक दिवस त्याचाच फोन. "ताई, इटलीला चल. चार दिवस फ्लॉरेन्स, त्यातला एक दिवस ट्रेनने बाहेर कुठेतरी. तू, मी, रेवा. भांडायचं असेल तर तिकडे भांडू." मी हो म्हटलं, तिकिटं काढली, आणि महिन्याभरात जगाची दारं लागली. ट्रिप गेली तसा हा भाऊही पुन्हा जाणार, अशी मला धास्तीच बसली. पण रविवारी बरोबर चार वाजता व्हिडिओ कॉल. निळ्या खुर्चीत मांडी घालून बसलेला. म्हणाला, "विमान उडेल तेव्हा उडेल, तो एक दिवस कुठे जायचं ते तरी ठरवून ठेवू."

मला पिसा हवं होतं. तो कललेला मनोरा आणि त्याला हाताने टेकू दिल्याचा फोटो, बस. त्याला लुक्का. "अगं, गावाभोवतीच्या तटावर झाडं आहेत, सायकलने अख्खी चक्कर मारता येते." मी म्हटलं, आधी माझे गुडघे बघ, मग सायकलचं नाव काढ. तेव्हा त्याने डेपोतली रीत काढली. दोन ड्रायव्हर एकाच शिफ्टसाठी भांडायला लागले की तो एकाला दुसऱ्याची बाजू मांडायला लावायचा. तसं आता मी लुक्काची वकिली करायची, त्याने पिसाची. झालं काय, की वकिली करता करता मी लुक्काच्या प्रेमात पडले आणि तो पिसाचा फोटो कुठल्या कोनातून घ्यायचा ते मला शिकवायला लागला. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. असे दीड वर्ष रविवार गेले. मध्येच एकदा, काही कारण नसताना, तो म्हणाला, "आईच्या बाबतीत मी चुकलो गं." मी म्हटलं, मीही. आणि आम्ही परत ट्रेनकडे वळलो.

सीमा उघडली त्या आठवड्यात मी ट्रुगानिनाला गेले. रेवाने चहा केला, आम्ही दोघी रडलो, मग थोडं हसलो. हसता हसता मी तिला कबूल केलं, की पिसाहून लुक्का ट्रेनने फक्त अर्धा तास आहे, सकाळी एक आणि दुपारी दुसरं असं दोन्ही आरामात होतं, हे मी दुसऱ्याच रविवारी नकाशात पाहिलं होतं. शेखरला मुद्दाम सांगितलं नाही.

रेवाने कप खाली ठेवला. "ताई, तो रोस्टर लावणारा माणूस. पहिल्या कॉलच्या आधीच त्याने दोन्ही गावांच्या गाड्या जुळवून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, सांगून टाक की त्यांना. तर म्हणाला, मग पुढच्या रविवारी ताईशी काय बोलू?"

सहा वर्षं एकमेकांशी न बोलण्यात आम्ही दोघं पटाईत होतो, आणि ही दीड वर्षं बोलणं संपू नये म्हणून दोघंही सारखेच गप्प राहिलो... माझाच भाऊ तो.

पुढच्या उन्हाळ्यात रेवा आणि मी जाणार आहोत, हे नक्की. तोवर दर रविवारी चारला फोन वाजतो. निळ्या खुर्चीत आता ती बसते, अजून जरा अवघडूनच, कडेला. "हं ताई," ती म्हणते, "आज पिसाची बाजू माझ्याकडे." आणि मी चष्मा पुसून लुक्काचं सांगायला लागते.