पिवळा खाणारी काच

सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटं. काचवाल्या मावशींनी बर्नर पेटवला, नवा जांभळा चष्मा नाकावर चढवला, ज्योत काचेला लावली आणि लगेच मागे घेतली.

प्रयोगशाळांची काचेची उपकरणं बनवणं हा त्यांचा धंदा. कारखाना मागच्या खोलीत. पुढच्या खोलीत काकांचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं, शिवणाचं मशीन. बर्नरपुढे पकडीत उभं होतं ते फुलांची तेलं काढणाऱ्या एका बाईंचं उपकरण. जाड नळीच्या पोटात काचेचं वेटोळं, वाफ थंड करायला. वेटोळं वळवण्यात आठवडा गेला होता आणि आता शेवटचा एकच सांधा उरला होता. तो चुकला तर वेटोळं तडकणार, आणि बाईंची उद्या तोडायची फुलं कुजणार.

सांधाच दिसत नव्हता. काच तापली की तिच्यातलं सोडियम ज्योतीत उतरतं आणि पिवळाधमक भडका उठतो. त्याच्याआड काच मऊ झाली की नाही, काही कळत नाही.

“अहो, हा चष्मा कुठून आणलात?”

पुढचं मशीन थांबलं. “चौकातून. का? जुना दाखवून सेम टू सेम घेतला.”

काल संध्याकाळी काका मावशींच्या जुन्या चष्म्यावर बसले होते आणि भरपाई म्हणून हा नवा घेऊन आले होते.

“रंग सेम आहे. काम नाही.”

“मग आणखी गडद आणतो.”

“म्हणजे सगळाच अंधार! मला फक्त तो पिवळा जायला हवाय. जुना चष्मा पिवळा खायचा. हा नुसताच मिरवतोय.”

मावशींनी एवढ्यावर भागवलं, पण गोष्ट खरी आहे. सोडियमच्या अणूतला इलेक्ट्रॉन उष्णतेने वरच्या पायरीवर चढतो, तिथे टिकत नाही, परत खाली येतो. येताना दोन पायऱ्यांमधल्या अंतराएवढी ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडतो. त्या अंतरावर रंग ठरतो, आणि अंतर प्रत्येक मूलद्रव्याचं आपापलं असतं. म्हणून सोडियमचा हा पिवळा कुठेही गेलं तरी तोच. जुन्या चष्म्याच्या काचेत निओडिमियम नावाचा धातू होता. त्याच्या पायऱ्यांमधलं एक अंतर जवळपास त्या पिवळ्याएवढंच. त्यामुळे पिवळा प्रकाश गिळून त्याचे इलेक्ट्रॉन वर चढतात आणि बाकीचे बहुतेक रंग पार होतात. नवी काच मात्र साध्या जांभळ्या रंगाची. पिवळा थोडा मंद करायची, अडवायची नाही.

“जुना टाकलात ना?”

“टाकेन कसा? एक काच फुटली, दुसरी धड आहे. बटणांच्या डब्यात.”

त्या डब्यावरून मावशींनी लग्नापासून टोमणे मारले होते. तुटकी बक्कलं, अर्ध्या चेन, एकटी हुकं. आत्ता मात्र त्यांनी स्वतःच डबा उघडून काच शोधून काढली.

“मी मोडले तरी यातच ठेवणार ना मला?”

“मावलीस तर.”

काकांना अजून पटलं नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघरात शेगडी पेटवून चिमूटभर मीठ ज्योतीवर टाकलं. भडका पिवळा झाला. नव्या चष्म्यातूनही पिवळाच दिसला. जुनी काच डोळ्याशी धरली, पुन्हा मीठ टाकलं, आणि निळी ज्योत जशीच्या तशी.

“आयला! गेला कुठे?”

“मीठ पुरे. भाजीला ठेवा.”

काकांनी नव्या फ्रेममधली एक काच काढून जुनी बारीक तारेने बसवली. दुसऱ्या बाजूला काळं कापड टाचलं.

“समुद्री चाच्यासारखी दिसतेस.”

“चालेल. चाच्याच्या चष्म्यावर कुणी बसत नाही.”

एका डोळ्याला अंतराचा नीट अंदाज येत नाही. म्हणून मावशी बर्नर फिरवता फिरवता मान डावी-उजवीकडे नेऊन सांधा दोन्हीकडून बघत राहिल्या. पिवळा भडका नव्हता. काचेची कड लाल झाली, ओघळायच्या बेतात आली, त्यांनी तोंडात धरलेल्या रबरी नळीतून हलकी फुंकर घातली आणि सांधा बसला. काकांचं मशीन तोवर बंद होतं. हादरा नको म्हणून.

“झालं?”

“झालं. शिवा आता.”

एकदम गार होऊन तडकू नये म्हणून उपकरण सावकाश निवायला गरम भट्टीत गेलं. भट्टी उद्या सकाळी सातला उघडायची, पाणी सोडून गळती तपासायची. बाई साडेनऊला येणार आहेत.