तरस आहे का?

हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयाला मी फोन लावला आणि ठेवणीतल्या हिंदीत विचारलं, "भाईसाब, आपके पास तरस है क्या?"

पलीकडून एक थकलेला आवाज म्हणाला, "किसपे, साब?"

"किसपे क्या? मेरे पिताजी को देखना है. उनकी आँखें जा रही हैं. जाने के पहले एक बार तरस देखना बोलते."

"बहुत अफसोस हुआ साब," तो माणूस खरोखर कळवळून म्हणाला. "मगर ये जू है. तरस तो ऊपरवाला खाता. हम खाली टिकट देते."

माझी मुलगी बाजूला अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसली होती. तिनं कपाळावर हात मारला. "बाबा! हिंदीत तरस म्हणजे दया! लकडबग्घा म्हणा, लकडबग्घा!"

माझ्या आजोबांची शाळा उर्दूत झाली. निजामाच्या राज्यात आमच्या घरच्यांनी जन्म काढला. अशा घरातला मी, आणि भर दुपारी हैदराबादला फोन करून दयेची चौकशी करून राहिलो होतो. मी घाईनं लकडबग्घा म्हणालो. तो माणूस हसला. "हौ, है ना. ऐसा बोलो ना साब. आ जाओ."

ही सगळी यातायात माझ्या वडिलांसाठी. त्यांना आम्ही दादा म्हणतो. मंठ्याच्या पुढं आमचं गाव. दादांनी हयात तिथल्या शेतीत काढली आणि आई गेल्यावर ते जालन्याला माझ्याकडं राहायला आले. आले ते भिंतीला हात लावत. मला वाटलं, नवं घर आहे, सवय नाही. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. कडेची नजर आधी जाते, म्हणून माणसाला कळतही नाही. मधली उरली आहे, तीही किती दिवस सांगता येत नाही. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हा आजार घराण्यात उतरतो. तुम्हीपण तपासून घ्या."

मी म्हणालो, "खरिपाचा सीझन संपू द्या." मी बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला आहे. सीझन संपायचा काही नेम नसतो. खरीप संपला की रब्बी येते.

दादांची आयुष्यात एकच गोष्ट होती, तरसाची. तरुणपणी ते परतूरच्या बाजारात कापसाची गाडी घेऊन गेले होते. बैलाला लागलं म्हणून गाडी तिथंच ओळखीच्या घरी ठेवली आणि ते पायी निघाले. दिवस मावळायच्या बेताला, माळावर, त्यांच्या बाजूनं बांधावरून एक तरस चालू लागलं. हे थांबले की ते थांबायचं. हे निघाले की ते निघायचं. गावच्या मारुतीपर्यंत आलं आणि वळून गेलं. बस, एवढीच गोष्ट. त्यात कुणी कुणाला मारत नाही, खात नाही. त्यामुळं तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. आई तर तोंडावर म्हणायची, "कुत्रं आसंल कुणाचं तरी. भाकरीच्या वासानं आलं आसंल." आम्ही पोरंही मोठी झाल्यावर तिला 'दादाच्या कुत्र्याची गोष्ट' म्हणायला लागलो.

दादा कधी चिडले नाहीत. पण डॉक्टरकडून आल्यावर दोनतीन दिवसांनी जेवताना एकदम म्हणाले, "मला तरस बघायचंय."

"कशाला?" मी म्हणालो.

"आता मलाच शंका येऊन राह्यली. डोळे मिटले की पहिलं बराबर दिसायचं. आता पुसट झालं. कधी तरस दिसतं, कधी कुत्रंच दिसतं. तुझी माय म्हणायची तसं. एकदा जुळवून बघू दे. कुत्रं होतं का तरस, एवढं कळू दे. मंग अंधार झाला तरी चालंल."

बायको म्हणाली, "दाखवू मामा. त्यात काय."

दाखवू म्हणणं सोपं. आमच्या माळावर आता तरस कुठलं? पूर्वी गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची जागा असायची, तिथं गिधाडं आणि तरसं यायची. आता बैल गेले, ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टर मेला तर भंगारवाला नेतो, तरस येत नाही. गावाकडच्या चुलतभावाला विचारलं तर म्हणाला, "तरस? गेल्या साली शेताच्या धुऱ्यावर कोल्हा दिसला तर लोक फोटू काढायला पळाले."

मग मुलीनं मोबाईलवर 'दुर्मिळ आणि अनोखे प्राणी कुठल्या प्राणिसंग्रहालयात बघायला मिळतात' असं शोधून दिलं. पांढरे वाघ होते, हिमबिबटे होते, नाव वाचतानाच दम लागेल अशी माकडं होती. एक अर्धा जिराफ अर्धा झेब्रा वाटावा असा प्राणी बघायला तर विमानानं जायला लागलं असतं. तरस त्या यादीत नव्हतं. दुर्मिळ व्हायलाही देखणं असावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. जवळपासच्या एकदोन ठिकाणी विचारलं, नव्हतं. मग तो हैदराबादचा फोन.

मुलीची परीक्षा होती, म्हणून तिला मावशीकडं ठेवलं आणि आम्ही तिघं रेल्वेनं निघालो. प्रवासात दादांपेक्षा माझाच त्रास जास्त झाला. परतूरला चहा घ्यायला उतरलो आणि चढताना डब्याची पायरी चुकली. नडगी सोलली. चहा निम्मा शर्टावर, निम्मा एका झोपलेल्या गृहस्थाच्या चपलेत. जागेवर परत येताना डाव्या बाजूला ठेवलेल्या कुणाच्या तरी ट्रंकेवर आदळलो. बायको म्हणाली, "बघून चाला ना हो."

"बघूनच चालून राह्यलो," मी म्हणालो. घरातही दाराच्या चौकटी माझ्या डाव्या खांद्याला आता नावानं ओळखतात. जन्माचाच वेंधळा, त्याला कोण काय करणार.

दादा खिडकीशी बसून होते. बाहेर परतूरचं मोंढ्याच्या बाजाराकडचं रान सरकत होतं. "इथनंच निघाल्तो पायी," ते म्हणाले. पण बाहेर न बघता, स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत म्हणाले.

प्राणिसंग्रहालयात शाळांच्या सहली होत्या. सगळी गर्दी पांढऱ्या वाघाकडं. तरसाचा रस्ता विचारला की लोक जरा थांबून आमच्याकडं बघायचे. शेवटी झाडांमागं एका कडेला ते सापडलं. अलीकडं बुटकी भिंत, मध्ये खंदक, पलीकडं मोकळी माती, डावीकडं एक दगडी कपार, आणि समोर आडवा पडलेला एक वाळका ओंडका. कठड्याशी एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. बाकी कुणी नाही. ऊन टळटळीत.

मी मातीवरून, कपारीवरून नजर फिरवली. तरस कुठंच नव्हतं. इतक्या लांब आणलं आणि आता ह्या माणसाला काय सांगू?

तेवढ्यात बायकोनं दादांना पुढं घेतलं. बीजेची कोर म्हाताऱ्या माणसांना दाखवतात ना, तशी ती त्यांच्या खांद्याशी खांदा लावून उभी राहिली आणि बोट पुढं केलं. "मामा, माझ्या बोटाच्या नीट बघा. तो ओंडका दिसला?"

"दिसला."

"आता त्याच्यावरून हळूहळू इकडं या. हां. अजून थोडं. थांबा."

दादांची मान इंचाइंचानं वळली आणि थांबली.

"दिसलं," ते म्हणाले.

मी ओंडक्याकडं बघितलं. ओंडका ओंडक्यासारखाच होता. एका टोकाला जरा उंच, दुसऱ्या टोकाला उतरता, साल निघालेली, अंगावर काळसर पट्टे. माझ्या ध्यानात आलं. बायकोनं वेळ निभावून नेली होती. म्हाताऱ्याला निराश करण्यापेक्षा लाकूड दाखवलेलं बरं. मीही तिच्या मदतीला धावलो आणि मोठ्यानं म्हणालो, "अरे वा! केवढं मोठं आहे हो!"

"मोठं कुठं?" दादा म्हणाले. "बारकंच हाय. म्हातारं झालंय. एक कान फाटलाय."

"हो हो, फाटलाय," मी म्हणालो. बायकोनं वळून माझ्याकडं बघितलं. मी तिला डोळा मारला. ती हसली नाही.

"मानंवरचे केस बघ," दादा सांगत होते. "पुढून उंच, मागून बसल्यावानी. पायाला पट्टे. तेच हाय. बिलकुल तेच." त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "कुत्रं नव्हतं ते."

मग म्हणाले, "उठलं." थोड्या वेळानं, "चाललं." त्यांची मान हळूहळू वळत गेली. "गेलं आत."

ओंडका जागच्या जागी होता. शेजारच्या बाईचं लेकरू कशाला तरी टाळ्या वाजवत होतं. इतकं सुनं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. जन्मभर ज्या गोष्टीला आम्ही हसलो, ती खरी ठरवायला माझ्या बापाच्या वाट्याला शेवटी एक लाकूड आलं होतं, आणि मी बाजूला उभा राहून त्या लाकडाचं कौतुक करत होतो.

परतीच्या गाडीत दादा फार बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "तुझ्या मायला सांगायचं राह्यलं." मी खिडकीबाहेर बघत बसलो.

जालन्याला आल्यावर मुलीनं दारातच विचारलं, "आजोबा, दिसलं का?" दादा पाय धुवायचे सोडून बाजेवर बसले आणि त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. परतूरचा बाजार, लंगडा बैल, बांध, मारुती आणि आता शेवटी फाटक्या कानाचं म्हातारं तरस. पोरगी तोंडात बोट घालून ऐकत होती. मला तिथं बसवेना. मी स्वयंपाकघरात आलो. येताना चौकट लागलीच.

बायको चहा ठेवत होती. मी हळू आवाजात म्हणालो, "बरं केलंस तू. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ओंडकाच दाखवलास, पण बरं केलंस."

तिनं गॅस बारीक केला. माझ्याकडं बघितलं. बाहेर दादा मुलीला तरसाची चाल करून दाखवत होते, त्यांच्या काठीचा आवाज येत होता.

मग ती म्हणाली, "ओंडक्याच्या डाव्या अंगाला बसलेलं होतं ते, दोन हातांच्या अंतरावर. उठलं, आपल्या सगळ्यांच्या समोरून चालत कपारीत गेलं. मामांना दिसलं, मला दिसलं, त्या बाईच्या कडेवरच्या लेकराला दिसलं. उद्या सकाळी मामांच्याच डॉक्टरकडं जायचं. रब्बीचं मला सांगू नका."