सायलीच्या ओठाला तारांनी इजा झाली नव्हती

"मसल टिअर आहे," सोनोग्राफी पाहून वाशीच्या डॉक्टर म्हणाल्या. ओठांभोवती गोल स्नायू असतो, त्याला ऑर्बिक्युलॅरिस ऑरिस म्हणतात. माझ्या नातीच्या, सायलीच्या, वरच्या ओठात त्याला चीर गेली होती.

"किती दिवस दुखतंय? सुजलेल्या ओठाने वाजवलंस का?"

सायलीने माझ्याकडे पाहिलं. "नाही मॅडम. आत्ताच दुखायला लागलं."

ते खोटं होतं, आणि मला ते माहीत होतं.

घणसोली गावात आमचा ब्रास बँड आहे. सायली कॉलेजात शिकते आणि आमच्याकडे ट्रम्पेट वाजवते. तिला शिकवलं मीच. आमच्या बँडची एक रीत होती. नवरदेवाला हळद लागत असेपर्यंत ट्रम्पेट थांबवायचा नाही. डॉक्टरांकडे जायच्या आधी एका हळदीला तिचा ओठ आधीच सुजलेला होता. "आजा, सूर लागत नाही," ती म्हणाली. मी म्हणालो, "ओठावर दाबून धर. नाटकं नकोत."

सूर फाटला. तिच्या ओठावर रक्त आलं.

गावात मी सांगितलं, दातांना लावलेल्या तारांमुळे झालं. तारा तिने हट्टाने लावून घेतल्या होत्या. तिची आई तिला रोज ऐकवायची, "नटायची हौस ना तुला? भोग आता." सायली मुकाट्याने जेवायची. तिने माझं नाव घेतलं नाही.

डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली. सूज उतरल्यावर ती हळूहळू वाजवायला लागली आणि पुन्हा दुखू लागलं. डॉक्टरांकडे पुन्हा खेपा सुरू झाल्या. वेटिंग रूममध्ये ती ओठावर बोट ठेवून बसायची. एकदा हळूच म्हणाली, "आजा, माझ्याच ओठात दम नसेल. ट्रम्पेट देऊन टाकू कोणाला तरी?"

ते मला सहन झालं नाही. आत गेल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. दुखणं जुनं होतं, सुजेवर मी वाजवायला लावलं आणि दाबून वाजवायचंही मीच शिकवलं.

त्या रागावल्या नाहीत. "म्हणूनच पुन्हा दुखतंय. ओठाला बरं करता येईल, पण सवय तीच राहिली तर परत फाटेल. मग ऑपरेशन. तुम्ही शिकवलंत ना? आता ती सवय मोडायला तुम्हीच मदत करा."

घरी येऊन मी सुनेसमोर तेच बोललो. ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग सायलीला म्हणाली, "मला का नाही सांगितलंस गं?" आणि पिठाच्या हातानेच तिला जवळ घेतलं.

ओठ ज्या ठेवणीने माउथपीसवर बसतात तिला एम्बुशर म्हणतात. ती पहिल्यापासून बसवायची होती. फिजिओथेरपिस्टनी व्यायाम दिले. ट्रम्पेट तळहातावर नुसता ठेवून फुंकायचा, म्हणजे दाबताच येत नाही. पहिला आवाज आला तेव्हा ती हसत सुटली. "आजा, ही तर म्हैस हंबरली!" मीही तसाच वाजवून पाहिला. माझी म्हैस तिच्याहून वाईट निघाली.

काही महिन्यांनी शेजारच्या बोनकोडे गावातल्या एका हळदीत ती पुन्हा उभी राहिली. हळद लागायला लागली. थोड्या वेळाने तिने ओठ चाटला; ओठ दमला की ती तसंच करते. मी हात वर करून बँड थांबवला.

मांडवातून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, झोपलाव काय? दम हाय का नाय?"

"पोरीचा ओठ दमलाय," मी मोठ्याने म्हणालो. "मागं माझ्यामुळं फाटला होता, तारांमुळं नाय. ती पानी पिल, मग वाजवू."

नवरदेवाची आजी हळदीच्या हातांनी स्वतः तांब्या घेऊन आली.

बँडमास्तरांनो, पोर दुखतंय म्हणालं तर तिथेच थांबा. आमच्या बँडची आता तीच रीत आहे. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

पाणी पिऊन सायलीने ट्रम्पेट उचलला. सूर पूर्वीइतका मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. आणि तो कधी थांबवायचा, ते या वेळी तिने ठरवलं.