खिसा, चेन आणि वरणभात

उल्हासनगरात शिवली जाणारी प्रत्येक जीन्स माझ्या मावसबहिणीच्या धाकानेच सरळ शिवली जाते, असं माझं ठाम मत आहे. ती तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. बोलते मशीनच्या वेगाने, आणि मालकालाही "शेठ, आधी बटणं मागवा, मग ओरडा" असं सुनावते. शेठ तिला 'बेटी' म्हणतो आणि निमूटपणे बटणं मागवतो. लग्नसमारंभात ही पाहुण्यांच्या मागे जाऊन पॅन्टची शिवण तपासते. माझ्या ऑफिसातल्या साहेबांना तिने एकदा भर हॉलमध्ये पाठ वळवायला लावली होती. साहेबांनी वळवली.

अशी ही वाघीण ताटाला घाबरायची. कॉलेजात असताना तिचं अन्नाशी जे बिनसलं, ते वर्षानुवर्षं बिनसलेलंच राहिलं. नातेवाईक त्याला फिगरचं खूळ म्हणत. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं, हा आजार आहे, आणि असंच चाललं तर पोरगी हातची जाईल. उपचार सुरू झाले. आहारतज्ज्ञ बाईंनी छोटी छोटी ध्येयं ठेवायला सांगितल्यावर हिने लगेच कारखान्याचा कायदा घरात आणला. "पहिल्याच दिवशी अख्खी पॅन्ट मागितली की कारागीर पळतो. आधी खिसा शिवायचा." म्हणून वरणाची वाटी झाली खिसा, पोळी झाली चेन, आणि भाजी-भातासकट सगळं पोटात गेलं की पॅन्ट तयार! विठ्ठलवाडीच्या त्यांच्या चाळीत भिंती पातळ. "आई, चेन लागली!" अशी आरोळी आली की शेजारी टाळ्या वाजवत. काही दिवस मात्र खिसासुद्धा होत नसे. मग ती भिंतीकडे तोंड करून बसून राही, आणि सकाळी उठून म्हणे, "पीस बिघडला म्हणून कोणी फेकत नाही. अल्टरला टाकलाय." अल्टर म्हणजे उसवून पुन्हा शिवणं. मला तेव्हा तिचा फार अभिमान वाटायचा, आणि रडूही यायचं.

मग लग्न ठरलं. मुलगा बदलापूरचा, हेंद्रेपाड्यातला. पहिल्याच भेटीत तिने आजाराचं सगळं सांगून टाकलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि चहाबरोबर बिस्किटं मागवू का, एवढंच विचारलं. खरी धास्ती होती केळवणांची. नवरीला घरोघरी बोलवायचं, पंगतीत मधोमध बसवायचं आणि सगळ्यांनी तिच्या ताटाकडे बघत आग्रह करायचा, ही आपली मायेची पद्धत. तिची एवढ्या कष्टाने बसवलेली घडी त्यातच विस्कटली असती.

"सगळी केळवणं रद्द करून टाकू," मी म्हणालो.

"का? ऑर्डर आलीय ना? घ्यायची," ती म्हणाली, आणि प्रत्येक घरी फोन करून तिने अट घातली. ताट मी वाढून घेणार, आणि आग्रह केलात तर उठून जाणार.

शेवटचं केळवण अंबरनाथला, आमच्याकडे होतं. माझ्या आईचा आग्रह बिल्डिंगभर कुप्रसिद्ध आहे. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूससुद्धा पुरणपोळी खाऊन जातो. त्या दिवशी आई बिचारी दोन्ही हात पदरात गुंडाळून बसली होती. समोर तूप, आणि वाढायची बंदी! मावसबहीण खाली मान घालून सावकाश जेवत होती. ताट रिकामं झालं. आम्ही सगळे पंख्याकडे बघत होतो.

"मावशी," ती म्हणाली, "भात वाढ ना अजून."

आई धडपडत उठली, पण घाबरून तिने चमच्याच्या टोकावर चार शितं घेतली.

"हे काय? केळवण आहे ना माझं? हात आखडता काय घेतेस?"

मग आईने जो भात वाढला! त्यावर तूप. बाबांनी चक्क शिट्टी मारली. ती जेवत होती, रडत होती, हसत होती, आणि तोंडात घास असतानाच ओरडली, "कोणी मोजत नाहीये ना?" कोणी मोजत नव्हतं. खोटं कशाला बोलू, आई मोजत होती.

परवा बदलापूरला तिच्या घरी गेलो होतो. जेवताना ती सोसायटीच्या पाण्याबद्दल, सासूच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिली, आणि बोलता बोलता तिचं ताट संपलं. तिच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. बरं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडी हुरहुरही वाटली. 'पॅन्ट तयार!' असं अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी लोणचं मागितलं.