आईचं पाळण्यातलं नाव

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. तेव्हा नव्हता आणि आज नव्वदीला टेकले तरी नाही. कुरुळीच्या शाळेत शिकवत होते तेव्हा पोरं ओढ्याकाठच्या चिंचेखालून जायला घाबरायची — तिथं म्हणे खवीस राहतो. मी अख्खा वर्ग नेऊन त्या चिंचेखाली बसवला, पाढे म्हणून घेतले, वर चिंचा पाडून खाल्ल्या. खवीस काही आला नाही, एका पोराचं पोट तेवढं बिघडलं. अशी मी. तरीपण ही एक गोष्ट... नात म्हणाली, "आजी, तू बोल, मी टाइप करते." म्हणून सांगते. कुणाला उलगडा झाला तर खुशाल कळवा.

पंचावन्न-छप्पनच्या सुमाराची गोष्ट. पिंपरीला औषधांचा कारखाना नवा-नवा निघाला होता आणि माझा थोरला भाऊ, दादा, तिथं नोकरीला लागला होता. आमचं माहेरचं घर चिखलीत. वडील वारलेले. घरात आई, दादा आणि नुकतेच दिवस राहिलेली वहिनी. माझं सासर कुरुळीचं, पण शाळेला सुट्टी लागली की मी चिखलीला पळायची.

आता आईचं सांगते. आमच्या आईचा जन्म मोंबासाचा! हो, आफ्रिकेतलंच. तिचे वडील मूळ ताथवड्याचे, रेल्वेच्या कामावर बायकोला घेऊन तिकडं गेले. तिथं आई झाली आणि दोन वर्षांनी तिचा भाऊ, आमचा मामा. आई आठ वर्षांची असताना आजी वारली. पोरीची जात, परमुलखात सांभाळायची कुणी? तेव्हा गावाकडं परतणाऱ्या एका जोडप्याबरोबर तिला ताथवड्याला चुलत्यांकडं पाठवलं. मामा बापाजवळ राहिला. त्यानंतर बहीणभाऊ भेटले ते नाहीच. अधूनमधून खुशालीची पत्रं यायची, तेवढंच.

त्या वर्षी मामाचं पत्र आलं, ते दादानं वाचून दाखवलं. मामाचे डोळे चालले होते. बायको नाही, मूलबाळ नाही, एकट्यानं बोटीचा प्रवास झेपत नाही. त्याचं एकच म्हणणं — नजर पुरती जायच्या आत बबीला एकदा बघायचंय. तिकिटाचं मी बघतो, तुम्ही तिला पाठवा.

बबी म्हणजे आई. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मी जानार. बोटीत बसवा न्हाईतर पाटीत बसवा."

पण तिकडं उतरायचं तर परवाना हवा. आणि परवान्यासाठी तिथल्या जन्माचा दाखला, म्हणजे ही त्याची सख्खी बहीण हे सिद्ध व्हायला नको का? दादानं कंपनीतल्या एका कारकुनाकडून झकास इंग्रजीत अर्ज लिहून घेतला, आईचं नाव लक्ष्मीबाई. दोन-अडीच महिन्यांनी उत्तर आलं: अशा नावाची मुलगी आमच्याकडं जन्मलेली नाही.

सगळे डोक्याला हात लावून बसलो. वहिनी भाकऱ्या थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आवो, पन लक्ष्मी हे तर सासूबाईंचं लग्नातलं नाव न्हवं?"

घ्या! तांदळात अंगठीनं लिहून ठेवलेलं नाव आम्ही मोंबासाच्या जन्माच्या दप्तरात शोधत होतो. आणि गंमत म्हणजे घरातल्या शिकल्यासवरल्यांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नाही. मग दुसरा अर्ज केला, बबी नावानं. तोही परत. सोबत एक टीप: ही हाक मारायची नावं चालत नाहीत. वडिलांच्या नावाचे तर त्या वेळी रेल्वेत पुष्कळजण होते, मुलीचं नोंदीतलं नाव कळवा.

नोंदीतलं म्हणजे पाळण्यातलं. ते कुणाला ठाऊक? आईला जन्मापासून सगळे बबीच म्हणत आले. मामा तर तिच्या मागून जन्मलेला. आजी-आजोबा गेले, ताथवड्याचे चुलते गेले. दादानं ताथवड्यात घरोघर फिरून विचारलं, लोकांनी चहा पाजला, नाव कुणी सांगू शकलं नाही. तिकडं मामाची पत्रं यायला लागली — आता उजेड तेवढा कळतो, माणसं पुसट दिसतात, काय झालं अर्जाचं? आई दिवसभर हसतखेळत कामं करायची, पण पोस्टमन दिसला की तिचे हात थांबायचे. मला तिच्याकडं बघवत नसे.

अशात वहिनी बाळंत झाली. मुलगी! बाराव्या दिवशी बारसं धरलं. तुळईला पाळणा टांगला, घुगऱ्या शिजल्या, आळीतल्या झाडून सगळ्या बायका जमल्या. भर दुपार, लख्ख ऊन. हे मुद्दाम सांगतेय, कारण अशा गोष्टींत अमावस्या आणि किर्र अंधार लागतो म्हणतात, इथं तसं काही नव्हतं. नाव आधीच ठरलं होतं: सुनंदा. दादानं स्वतः निवडलेलं. आत्या मी एकटीच, त्यामुळं मान माझा.

"कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करत कुंची घातलेला वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून फिरला, बाळ पाळण्यात निजवलं. मी वाकले, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि "कुर्रर्र" केलं. मागून बायकांनी पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. आमच्याकडं धपाटे म्हणजे धपाटेच, दोन दिवस पाठ दुखते.

"सांग की गं नाव!" सगळ्या ओरडल्या.

मी सरळ उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "जडाव!"

मग जो हशा उसळला म्हणता! "अगं, हे नाव हाय का सोनाराचं दुकान?" "मास्तरीणबाई, चांगलं नाव शोधलंत!" वहिनीचा चेहरा मात्र पडला. ती म्हणाली, "वन्सं, असं काय करता? सुनंदा म्हना की!"

देवाशपथ सांगते, मला सुनंदाच म्हणायचं होतं. अंगावर काटा नाही, थंडगार वारं नाही, काही नाही. शिंक यावी तसं ते नाव तोंडातून बाहेर पडलं. या नावाची बाई मी जन्मात पाहिली नव्हती की ऐकली नव्हती. आमच्या भागात हे नाव ठेवतच नाहीत.

पण खरी गंमत पुढंच आहे. हशा चालू होता तेव्हा पाळण्याच्या दोरीला हात लावून उभ्या असलेल्या आईनं "ओ" दिली. कुणी लांबून हाक मारल्यावर देतात ना, तशी.

शेजारची काकू म्हणाली, "तुमाला न्हाई हाक मारली, पोरीचं नाव सांगत्यात!"

आई गोंधळली. हळूच म्हणाली, "व्हय? मला वाटलं मलाच..."

मी पुन्हा वाकले आणि या वेळी नीट "सुनंदा" म्हणाले. आणखी धपाटे खाल्ले, घुगऱ्या वाटल्या, सगळ्या पोटभर हसून घरी गेल्या. मी तर विसरूनही गेले असते. पण संध्याकाळी दादा माझ्यासमोर येऊन बसला.

"तायडे, ते नाव परत सांग."

"सोड की आता, किती चेष्टा करशील!"

"चेष्टा न्हाई गं. दोन अर्ज केले, तिसऱ्यानं काय बिघडतंय?"

मी म्हटलं, वेडा झालास का, याला काही लॉजिक आहे? तो म्हणाला, लॉजिक तू शाळेत शिकव. आणि दुसऱ्याच दिवशी शिफ्ट संपल्यावर त्यानं अर्ज टाकला. नाव — जडाव.

दाखला आला! मुलीचं नाव जडाव, आजोबांचं नाव बरोबर, त्यांचं काम बरोबर, आजीचंही नाव बरोबर. दादानं तो तीनदा वाचून दाखवला. आई म्हणाली, "अजून एकदा वाच." पन्नाशीच्या बाईला आपलं नाव पहिल्यांदा कळत होतं. मी रडले ते तेव्हा.

चाकणच्या एका व्यापाऱ्याचे नातेवाईक मोंबासाला निघाले होते, त्यांच्या सोबतीनं आई गेली. धक्क्यावरचा प्रसंग तिनं पुढं शंभरदा तरी सांगितला असेल. ती आणि मामा एकमेकांच्या मागंपुढं फिरत होते, ओळखतंय कोण! शेवटी गर्दी पांगली. एक माणूस अगदी तोंडाशी तोंड आणून तिच्याकडं बघायला लागला. आई त्याला फटकावणार, तेवढ्यात तो म्हणाला, "बबी?"

"जडाव हाय मी," आई म्हणाली. "बबी बी मीच."

मग मामानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि उन्हाकडं वळवला. दिसत होतं त्याला... हातभर अंतरावरून, पण दिसत होतं.

वर्षभरात त्याची नजर पूर्ण गेली. तोवर आई त्याला चिखलीला घेऊन आली होती, त्यामुळं त्याचं काही अडलं नाही. तिकडून निघण्याआधी त्यानं चौकशी करून नावाचा पत्ता लावला होता. शेजारी एक गुजराती बाई राहायची. त्यांच्यातही आत्याच नाव ठेवते. आईला आत्या जवळ नाही, म्हणून ती शेजारीण आत्या झाली आणि आपल्याकडचं आवडतं नाव ठेवून मोकळी झाली. पण ती बाई इकडं कधी आली नाही आणि माझ्या जन्माआधीच वारली. आईनं झोपेत बरळलं असेल म्हणावं, तर तिलाही ते ठाऊक नव्हतं. चाकणच्या बाजारात गुजराती दुकानं होती, तिथंही मी चौकशी केली. या नावाची एकही बाई निघाली नाही.

मामा शेवटपर्यंत आमच्या ओसरीवर बसून पोरांना आफ्रिकेतल्या गाड्यांच्या गप्पा सांगायचा. मी गेले की पावलांवरून ओळखायचा आणि म्हणायचा, "पोरी, तू सांगितलंस म्हणून माझी बहीण मला बघायला मिळाली."

"मामा, मी नाही सांगितलं," मी म्हणायचे.

"मग कुणी?"